चाकू-सुऱ्या आणि कायदा : आमच्या ग्राहकांसाठी

सुरी, सत्तूर किंवा कोयता घेताना बरीच गिऱ्हाइकं विचारतात, “किती इंचापर्यंत चालतं हो?” कायद्यात इंच आहेत, पण नुसत्या इंचांवर भागत नाही.

केंद्राचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याच्या नियमांत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्या जोडीला ९ इंचांहून (सुमारे २३ सें.मी.) लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत धरले आहेत. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं मात्र त्यातून वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली १० इंची सुरी किंवा उसाचा कोयता जागच्या जागी वापरायला परवाना लागत नाही.

तीच वस्तू कारण नसताना रस्त्यावर आली की गोष्ट बदलते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. सण, निवडणूक, मोर्चे असले की हे आदेश हमखास निघतात. त्यात सुरे, काठ्या, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बरोबर नेण्याला बंदी असते. इथे इंचांचा संबंधच नाही. भाजी चिरायची सुरीही यात बसू शकते. आदेश मोडला तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. लेखी कारण दिल्याशिवाय न्यायालय ४ महिन्यांहून कमी शिक्षा देत नाही. ‘शस्त्र अधिनियम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५’ ही ओळ तुम्ही पेपरात वाचली असेलच. तलवारीनं केक कापून फोटो टाकणारे वाढदिवसवीर बहुतेक याच ओळीत सापडतात.

तलवार, गुप्ती, खंजीर आम्ही विकत नाही. दसऱ्याच्या पूजेसाठी म्हणून कुणी मागितली तरी नाही. अशा विक्रीला वेगळा परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही. खटक्याचे, बटणाचे चाकूही ठेवत नाही. दिल्लीत तर अशा चाकूंवर १९८० सालची वेगळी अधिसूचना आहे आणि तिथलं माप बरंच लहान आहे : पातं ७.६२ सें.मी. लांब आणि १.७२ सें.मी. रुंद. तेव्हा इथे चाललं म्हणून परराज्यातही चालेल, असं धरून निघू नका.

शीख बांधवांच्या कृपाणाचा प्रश्न निराळा. ते धारण करणं संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्येच धर्मपालनाचा भाग मानलं आहे.

आता नेण्या-आणण्याचं. नवी सुरी घरी नेताना खोक्यातच राहू द्या आणि बिल जवळ ठेवा. धार लावायला आणताना पात्याला पुठ्ठा, वर वर्तमानपत्र, त्यावर सुतळी आणि सगळं पिशवीच्या तळाशी. परतताना धारेची पावती आम्ही देतोच, ती गाडीच्या डिकीत विसरू नका. काम झालं की सुरीही डिकीत राहू देऊ नका. “मागच्या आठवड्यात धार लावली होती” हे नाकाबंदीत ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. विमानात हाताच्या सामानात सुरी चालत नाही, चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून ठेवा. मेट्रोने येत असाल तर आधी फोन करा, जमलं तर धारेची सुरी आमचा माणूस घरून घेऊन जाईल.