ताशी पाचशे किलोमीटर वेगाचं पाणी आणि तरी न निघणारी धूळ

गाडी प्रेशर वॉशर लावून नुसत्या पाण्याने धुवा आणि न पुसता वाळू द्या. लांबून चकचकीत दिसेल. मग मागच्या दारावरून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर करडा पट्टा हमखास उमटतो. यावर नेहमीचं निदान ठरलेलं असतं: ‘प्रेशर कमी पडलं, मोठा पंप घ्या.’ हे निदान चूक आहे. ते का चूक, हे कळलं की स्वयंचलित कार वॉशमध्ये ब्रश आणि रसायनं कशाला लागतात तेही कळतं.

आधी वेग काढू. पंपाचा दाब १०० बार धरा, म्हणजे एक कोटी पास्कल. नोझलमधून सुटणाऱ्या पाण्याच्या वेगाचा वर्ग म्हणजे दाबाची दुप्पट भागिले घनता. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो, म्हणून वेग येतो सेकंदाला सुमारे १४० मीटर, ताशी पाचशे किलोमीटर. हवेत फवारा फुटून वेग झपाट्याने पडतो, म्हणून नोझल लांब धरलं की निम्मा पंप फुकट जातो. पण समजा अगदी जवळून मारलं. तरीही रंगाला टेकलेल्या पाण्याचा वेग किती? शून्य.

द्रव कोणत्याही घन पृष्ठभागावरून वाहताना पृष्ठभागाला लागून असलेला थर जागचा हलत नाही. त्याच्या वरचा थर थोडा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि असं करत काही अंतरावर पूर्ण वेग गाठला जातो. या मधल्या पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. हवेलाही हाच नियम लागू आहे. छताचा पंखा दिवसभर गरगरतो, तरी त्याच्याच पात्यांवर धूळ बसते ती यामुळेच.

वाळूचा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सीमास्तरात बराच वरपर्यंत पोचतो, पाणी त्याला ढकलून नेतं. काजळीचा, टायरच्या भुग्याचा किंवा बारीक मातीचा ५ मायक्रॉनचा कण मात्र तळाशी, जवळजवळ स्थिर पाण्यात बसलेला असतो. त्यात आणखी एक गोम आहे. कणाला पृष्ठभागाशी धरून ठेवणारं व्हॅन डर वाल्स बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असतं, तर पाण्याची ओढ साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. कण दहापट लहान झाला, तर चिकटण्याचं बल दहापट घटतं आणि ओढ शंभरपट घटते. म्हणजे तुलनेने तो कण दहापट अधिक घट्ट बसला. वर डिझेलच्या धुराचा तेलकट अंश असतोच, तो सगळ्याला गोंदासारखा बांधतो. दाब दुप्पट करूनही नोझलमधल्या पाण्याचा वेग दीडपट होत नाही, फक्त १.४ पट होतो. त्याच नोझलला पंपाची शक्ती मात्र २.८ पट लागते. आणि जिथे रंगाचा टवका आधीच उडालाय, तिथली कड पाणी आणखी उचकटतं.

तेव्हा मार्ग दोनच: त्या थराला हात लावा, नाहीतर कणाची पकड रसायनाने सोडवा.

हात लावण्याचं काम ब्रश करतो. पेट्रोल पंपांवर दिसणाऱ्या रोलओव्हर यंत्रात गाडी उभी राहते आणि कमान रुळांवरून पुढेमागे सरकते. दोन ब्रश उभे, एक आडवा. साधारण एक मीटर व्यासाचा ब्रश मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला पाच मीटरच असतो. पाण्याच्या मानाने हे काहीच नाही, पण इथे स्पर्श थेट कणाला होतो. ब्रश किती दाबायचा हे बहुधा मोटरच्या वीजखेचीवरून ठरतं: ब्रश गाडीला टेकला की खेच वाढते, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की नियंत्रक ब्रश मागे घेतो. रूफ कॅरियर, लांब अँटेना, मागचा वायपर इथे हा हिशोब गडबडतो. पावसाचा सेन्सर असलेला वायपर बंद करून मगच गाडी आत घ्या.

ओरखड्यांबद्दल ब्रशला फार शिव्या बसतात. वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आणि त्याला कापते ती वाळूतली सिलिका. ब्रशपूर्वीची जोरदार धुलाई नीट झाली नाही, की तीच वाळू ब्रश गाडीभर फिरवतो. बंद छिद्रांच्या फोमच्या पट्ट्या पाणी शोषत नाहीत, त्यात वाळू कमी अडकते. खेडेगावच्या रस्त्यावरून चिखल माखून आलेली गाडी थेट ब्रशखाली घालणं मात्र कोणत्याही यंत्रात चूकच.

ब्रशविरहित यंत्रात आधी क्षारधर्मी द्रावण फवारतात, सामू (pH) ११ ते १३. तेलकटपणा सुटतो, शिवाय रंग आणि कण या दोघांवरही ऋण भार वाढून ते एकमेकांना ढकलू लागतात. काही ठिकाणी त्याआधी आम्लधर्मी फवारा असतो, तो खनिज थर सोडवतो. द्रावण अर्धा-एक मिनिट राहिलं पाहिजे, पण वाळता कामा नये. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या बॉनेटवर ते बघता बघता वाळतं आणि ओघळांचे डाग पडतात. उघड्या अॅल्युमिनियमला तीव्र क्षार चालत नाही, आणि अमोनियम बायफ्लोराइड असलेलं आम्ल काचेला खातं. डब्यावरचं लेबल वाचा. तिरंगी फोमचं कौतुक मात्र आवरा: रंगाने काही धुतलं जात नाही, आणि फोमचा उपयोग एवढाच की द्रावण उभ्या पत्र्यावर थोडं जास्त वेळ टिकतं. ‘नॅनो’ शब्दाला तर सामूही नसतो.

शेवटी वाळवण. रंगाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून वाळवणीआधी फवारलेल्या द्रावणातले धन भाराचे क्वाटर्नरी अमोनियम रेणू त्याला चिकटतात आणि त्यांच्या तेलकट शेपट्या बाहेर राहतात. पाण्याचा सलग पापुद्रा फाटतो, थेंब होतात आणि ब्लोअर ते उडवतो. साबण नीट निघालेला नसेल तर त्यातले ऋण रेणू या रेणूंशी जुळून चिकट थर बनतो, आणि दोष ब्लोअरला दिला जातो.

उरलेला थेंब वाळला की त्यातले क्षार गोल डाग होऊन राहतात. बोअरवेलच्या जड पाण्यात हे जास्त. म्हणून शेवटची धुलाई आरओच्या पाण्याने करतात, विरघळलेले क्षार लिटरमागे ३०-५० मिलिग्रॅमच्या आत ठेवून.

पाण्याच्या फेरवापरातही तोच बारीक कण आडवा येतो. स्टोक्सच्या नियमाने १० मायक्रॉनचा मातीचा कण टाकीत एक मीटर खाली जायला तीन तास घेतो, ५ मायक्रॉनचा बारा. म्हणून सलग तीन टाक्या लागतात, किंवा पाणी गरगर फिरवून कण बाजूला काढणारा हायड्रोसायक्लोन. साबण तेलाचा पक्का दुधाळ मिश्रद्रव करणारा असेल, तर तेल वेगळं होतच नाही. टाकीत हवा सोडली नाही की दोन-चार दिवसांत सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हे पाणी चाकांना, तळाला आणि पहिल्या फवाऱ्याला चालतं. शेवटच्या फवाऱ्याला नाही, कारण टाक्यांत गाळ बसतो, विरघळलेले क्षार मात्र दर फेरीला साठत जातात.