ह्वेइजौ गृहनिवास

चीनच्या आन्ह्वे प्रांताच्या दक्षिण भागात, प्राचीन ह्वेइजौ प्रदेशातील व्यापारी कुटुंबांच्या जुन्या घरांमध्ये प्रवाशांसाठी चालविली जाणारी अतिथिगृहे. ई परगण्यातील शीदी व होंगत्सुन ही यांची प्रसिद्ध ठिकाणे असून दोन्ही खेड्यांचा समावेश २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. होंगत्सुनची वसाहत वांग कुळाने ११३१ च्या सुमारास केली, असे परंपरा सांगते. तथापि आज उभी असलेली जुनी घरे प्रामुख्याने मिंग (१३६८–१६४४) व छिंग (१६४४–१९११) काळातील आहेत.

घराच्या मध्यभागी ‘त्यानजिंग’ हा वर उघडा असलेला अरुंद, खोल चौक असतो. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार, उत्तरेतील अशांततेमुळे वेळोवेळी दक्षिणेकडे आलेल्या कुळांची अंगणाची पद्धत आणि स्थानिक डोंगरी लोकांची खांबांवरील उंच घरे यांच्या संयोगातून तो निर्माण झाला. दुसरे मत जागेची टंचाई, चोरांचे भय आणि व्यापारानिमित्त पुरुषांची दीर्घ अनुपस्थिती यांवर भर देते: बाहेरच्या भिंतींना जवळजवळ खिडक्याच न ठेवल्यामुळे उजेड व वारा वरूनच घेणे भाग पडले. मिंगकालीन घरांत वरचा मजला अधिक उंच व मुख्य वावराचा असे, तर छिंगकाळात तळमजला उंच होऊन वरचा बुटका झाला. खांबांवरील घरांतही मुख्य वावर वरच असल्याने हा बदल पहिल्या मताला अधिक पोषक ठरतो. चारही छपरांचे पाणी चौकात पडल्याने संपत्ती घरातच राहते, ही लोकसमजूत मात्र रचनेचे कारण नसून तिचे नंतर दिलेले स्पष्टीकरण असावे. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या, छपराहून उंच अग्निरोधक भिंतींचा प्रसार सोळाव्या शतकाच्या आरंभीचा प्रशासक ह शिन याच्या आदेशाने झाल्याचे सामान्यतः मानले जाते.

पाहुण्यांच्या खोल्या सहसा दिवाणखान्याच्या दोन्ही बाजूंना किंवा माडीवर असतात. त्यांतील दुभाजक भिंती लाकडी फळ्यांच्या असल्याने आवाज सहज पलीकडे जातो, आणि जून-जुलैमधील पावसात ओल दाटते. काही चालक चौकावर काच बसवितात. त्यामुळे पाऊस अडतो, पण वायुवीजनाचे मूळ प्रयोजनच नाहीसे होते. स्नानगृहे अर्थातच नव्याने घातलेली असतात. जेवणात बांबूचे कोंब, आंबवलेला मासा व बुरशी चढविलेले टोफू हे स्थानिक पदार्थ येतात.

ग्रामीण घरांखालील जमीन सामूहिक मालकीची असल्याने शहरी गुंतवणूकदारास असे घर विकत घेता येत नाही. ते भाड्याने घ्यावे लागते आणि चिनी कायद्यानुसार एका भाडेकराराची कमाल मुदत २० वर्षे आहे. परदेशी प्रवाशाची नोंद पोलिसांकडे करणे बंधनकारक असून, हॉटेलाखेरीज अन्यत्र उतरणाऱ्यास किंवा त्याला ठेवून घेणाऱ्यास ती २४ तासांच्या आत करावी लागते.