पिरॅमिडमधला गहू उगवत नाही
पिरॅमिडमध्ये सापडलेला हजारो वर्षांपूर्वीचा गहू पेरला आणि तरारून उगवला, ही गोष्ट १९व्या शतकापासून फिरते आहे. ती खोटी. गव्हाचा जीव फार तर काही दशकं टिकतो. थडग्यांतले खरे दाणे भिंगाखाली तपकिरी, ठिसूळ दिसतात. अंकुर केव्हाच मेलेला.

जातीवरूनही बिंग फुटतं. ‘ममीचा गहू’ म्हणून विकलेल्या बियाण्याला फाटे फुटलेली लोंबी यायची, दाणा मळणीत सहज सुटायचा. प्राचीन इजिप्तमध्ये मुख्यतः पिकायचा तो खपली गहू. त्याचं टरफल कांडल्याशिवाय निघत नाही.

(इस्रायलमधल्या मसादा या प्राचीन किल्ल्यातली सुमारे २,००० वर्षांची खजुराची बी २००५ मध्ये रुजली, हे मात्र खरं. पण खजूर म्हणजे गहू नव्हे.)