अप्रेंटिस वेगळी, इंटर्नशिप वेगळी: मीडियात आणि संगीतात शिरताना होणारा घोळ

पदवीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. "पोरगी मास कम्युनिकेशन झालीय, तुमच्याकडं अप्रेंटिस म्हणून घ्या की." आणि लगेच पुढचा प्रश्न: "सर्टिफिकेट मिळतंय न्हवं?" कोल्हापुरात असं होणं साहजिक आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या पट्ट्यामुळे इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी अप्रेंटिस करून वर आलेलं असतं. शिकायला म्हणून कामावर जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं. पण वर्तमानपत्र, रेडिओ, व्हिडिओ, साउंड स्टुडिओ इथं जे मिळतं ती बहुतेक वेळा इंटर्नशिप असते. तिला अप्रेंटिस समजून आत शिरलेली हुशार मुलं काही महिन्यांनी एक कागद घेऊन बाहेर पडतात, आणि तो कागद पुढे कुणी बघत नाही. हे मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना पाहिलं, आता स्टुडिओतही पाहतोय.

अप्रेंटिसबद्दल फार सांगायला नको, ती तुम्हाला माहीत आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिसांचा, कायदा आहे. करार नोंदवावा लागतो, ट्रेड आणि मुदत ठरलेली असते. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरवलं, त्यात पदवीधर सगळ्यात वर. पुढे नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. माध्यम आणि मनोरंजन क्षेत्रासाठीही कौशल्य परिषद आहे, त्यामुळे या क्षेत्रात रीतसर अप्रेंटिसशिप नसतेच असं नाही. मोठ्या कंपनीत मिळाली तर जरूर घ्या.

बाकीचे फरक झटपट उरकतो. पैसे: खासगी इंटर्नशिपला किमान रक्कम ठरवणारा कायदा नाही, कुणी देतं, कुणी नाही. मुदत: महिनाभर ते वर्षभर, काहीही. नावं: इथं फसू नका. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपनीत 12 महिने आणि महिना 5,000 रुपये अशी रचना ठरली. त्याच वर्षीच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले. दोन्हींत रक्कम आणि मुदत सरकारने आखून दिलेली, म्हणजे नाव काहीही असो, चेहरामोहरा अप्रेंटिससारखा. आणि अभ्यासक्रमातली इंटर्नशिप ही तासांच्या हिशेबाची गोष्ट आहे. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे चार क्रेडिटला 120. ती पदवीसाठी लागते, करा. पण तेवढ्यावर करिअर उभं राहिलं असं समजू नका.

आता मुद्द्याचं. तुम्हाला काम येतं याचा पुरावा कोण तयार करतं?

अप्रेंटिसच्या बाबतीत तो पुरावा व्यवस्था तयार करते. टर्नरचं प्रमाणपत्र समोर आलं की शिरोलीतल्या फोरमनला साधारण कळतं की या पोराने कोणत्या मशीनवर काय केलं असेल, कारण त्यामागे ठरलेला अभ्यासक्रम आणि मूल्यमापन असतं. खासगी स्टुडिओतल्या किंवा डेस्कवरच्या इंटर्नशिपमागे असलं काही नसतं. तिथल्या वृत्तसंपादकावर, रेडिओच्या प्रोग्रॅमिंग हेडवर, साउंड इंजिनिअरवर तुम्हाला शिकवण्याचं बंधन नाही. तो शिकवतो ते मनाने किंवा गरजेने. शेवटी मिळणाऱ्या पत्रात "अमुक ते तमुक काळात समाधानकारक काम केले" एवढंच असतं, आणि ते दिवसभर चहा सांगणाऱ्याच्या पत्रातही असतं. म्हणून पुण्या-मुंबईत पुढचा माणूस पत्र बाजूला ठेवून म्हणतो, "काय केलंस ते दाखव." तिथं दाखवायला काही नसेल तर इंटर्नशिप झालीच नाही असं मी धरतो.

म्हणजे इंटर्नशिपमध्ये पुरावा तुम्हाला स्वतः गोळा करावा लागतो, आणि पहिल्या दिवसापासून. कसा, ते दोन कामांतून सांगतो.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कुठल्याही बातमीदाराचं अर्धं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीवर असतं. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. डेस्कवर एक इंटर्न मुलगी होती, तिला प्रेसनोट टाइप करायला बसवलं होतं. तिने स्वतःहून नियंत्रण कक्षाला फोन लावायला सुरुवात केली आणि वहीत पाच रकाने आखले: वेळ, फूट, इंच, माहिती देणाऱ्याचं पद, बंद झालेला रस्ता. संध्याकाळी तालुक्यांतून कॉप्या आल्या तेव्हा एकात पाणी 40 फुटांवर, दुसऱ्यात साडेएकेचाळीसवर, आणि वेळ कुणीच लिहिलेली नाही. पुराच्या बातमीत वेळ नसलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण छापून येईपर्यंत नदी वेगळ्याच ठिकाणी असते. शेवटी पहिल्या पानाची चौकट तिच्या वहीवरून झाली. चौकटीवर तिचं नाव आलं नाही, "प्रतिनिधी" एवढंच आलं. तिने त्या पानाचं कात्रण तारखेसह ठेवलं, वहीच्या पानांचे फोटो काढले, आणि निघताना वृत्तसंपादकांकडून पत्रात एक ओळ लिहून घेतली: पूरकाळात पाणीपातळीची नोंद आणि पडताळणी यांनी केली. त्या एका ओळीत आणि "समाधानकारक काम केले" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं स्टुडिओतलं. ढोलकी ध्वनिमुद्रित करताना दोन तोंडांना दोन माइक लावतात. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही छान वाजतात, एकत्र केले की कधीकधी धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, भरणा गायब होतो आणि वाद्य पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू येतं. कारण एका तोंडावर थाप पडली की ते कातडं त्याच्या समोरच्या माइकपासून आत जातं, तर दुसऱ्या बाजूची हवा दुसऱ्या माइककडे ढकलली जाते. दोन लहरी एकमेकींच्या उलट येतात आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. एका चॅनेलची फेज उलटवायचं बटण दाबलं की भरणा परत येतो. हे कुठलाही इंजिनिअर इंटर्नला मुद्दाम बसवून सांगेलच असं नाही. पण ज्या पोराने ते पाहिलं, आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा मिनिट निर्मात्याची परवानगी घेऊन स्वतःकडे ठेवला आणि का बदललं ते चार ओळींत लिहून ठेवलं, त्याच्याकडे दाखवायला काहीतरी आहे. ज्याने केबल गुंडाळल्या आणि शेवटी पत्र घेतलं, त्याच्याकडे काही नाही. केबल गुंडाळणं हलकं काम नव्हे, नीट गुंडाळता आलीच पाहिजे. फक्त ती दाखवता येत नाही.

इथून दुसरी गफलत सुरू होते: काम दाखवता येणं, कामावर नाव असणं आणि कामाची मालकी असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मालकीच्या बाबतीत तर अप्रेंटिस की इंटर्न हा प्रश्न थेट कायद्यातच येऊन उभा राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम म्हणतं की नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात, त्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, कामावर ठेवणारा मालकच. वर्तमानपत्रातल्या लिखाणासाठी थोडी सूट आहे: प्रकाशनाचा हक्क वर्तमानपत्राचा, बाकीचे हक्क लिहिणाऱ्याचे. शिकाऊ उमेदवारीचा उल्लेख त्या कलमात स्पष्ट आहे, इंटर्नशिपचा नाही. मग तुम्ही इंटर्न असताना बांधलेली जिंगलची चाल कुणाची? तुमच्या कागदात काय लिहिलंय त्यावर बहुतेक सगळं ठरतं, आणि बहुतेकांकडे कागदच नसतो.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर" ही ओळ दिसली की थांबून वाचा. संगीतवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, पण चाल आणि शब्द या वेगळ्या कृती आहेत. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. चाली बांधत असाल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व लवकर घ्या. आणि गाणं स्ट्रीमिंगवर जाणार असेल तर श्रेयाची नावं ते चढवतानाच द्या. नंतर दुरुस्ती करायला कुणाला वेळ नसतो, आणि गळतं ते नाव नेहमी सगळ्यात धाकट्याचं.

हे सगळं मागायला मुलं लाजतात. "पहिल्याच दिवशी कसं विचारायचं, सर काय म्हणतील?" विचारायचं. नम्रपणे, मेसेजमध्ये, तीन ओळींत: मी केलेलं काम दाखवायला वापरू का, श्रेय कसं दिलं जाईल, आणि मी स्वतः निर्माण केलेल्या गोष्टीचे हक्क कुणाचे. चांगली जागा असेल तर पाच मिनिटांत उत्तर येतं. वैतागून उत्तर आलं तर तेही कळलं ते बरंच.

"इंटर्नशिपची फी" हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही. पैसे भरून जागा मिळते तो कोर्स. कोर्स चांगला असू शकतो, पण मग त्याला कोर्सचेच प्रश्न विचारा: अभ्यासक्रम कुठाय, शिकवणारा कोण, मशीनवर हात किती वेळ. तसंच "एक्सपोजर मिळेल" हे वाक्य. कुणासमोर, कोणत्या कामातून, कोणत्या नावाने, याची उत्तरं त्याबरोबर आली नाहीत तर पुढे बोलू नका.

"पूर्वी कुठं होतं हे सगळं?" असं जुनी माणसं विचारतात. होतं की, याच गावात. व्ही. शांताराम 1920 च्या सुमारास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले तेव्हा पडेल ते काम करत होते. 1927 मध्ये तिथेच त्यांच्याकडे दिग्दर्शन आलं, आणि 1929 मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी केली. पडद्यावर दिसलेलं काम हीच त्यांची ओळख होती.

शास्त्रीय संगीताचं मात्र वेगळं, तिथं माझं वरचं म्हणणं जसंच्या तसं लावू नका. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं शिकणं ही गोष्ट अप्रेंटिस आणि इंटर्नशिप या दोन्ही खणांत बसत नाही. कागदही तिथं कामाला येतात: शाळेत संगीतशिक्षक व्हायचं तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, अलंकार ही परीक्षा विचारली जाते, आणि आकाशवाणीची श्रेणी ऑडिशन देऊनच मिळते. पण हाच विशारद झालेला मुलगा मिक्सिंग शिकायला स्टुडिओत आला की त्याला पुन्हा कामच दाखवावं लागतं.

पहिली इंटर्नशिप मुंबईत करू की इथंच? इथंच करा, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या मोठ्या चॅनेलात नव्या माणसाच्या वाट्याला एका साखळीची एक कडी येते, आणि तिथल्या खोलीभाड्यात नसलेलं विद्यावेतनही संपतं. कोल्हापुरातल्या छोट्या डेस्कवर माणसं कमी असतात, त्यामुळे सकाळी महापालिकेची बातमी, दुपारी व्हिडिओचं संकलन, संध्याकाळी केशवराव भोसले नाट्यगृहाच्या कामाचा आढावा असं सगळं एकाच्याच अंगावर पडतं. चित्रनगरीत चित्रीकरण चालू असेल तर साउंडच्या टीमला हाताखाली माणूस लागतो. तिथं जाताना कुणाच्या ओळखीचा फोन लावण्याआधी स्वतः टिपलेला दोन मिनिटांचा आवाज पाठवा: पहाटेची गंगावेस, तालमीतला शड्डू, काहीही, पण स्वच्छ टिपलेलं. सोबत कुठला माइक, किती अंतरावर, काय चुकलं, हे लिहा. आलेल्या अर्जांत मी आधी तोच उघडतो.