मीटर म्हणजे कुलूप नव्हे: पॉवरलाइन ॲडॅप्टरबद्दल खुलासा

"इंटरनेट विजेच्या वायरीतून फिरवलं तरी आपल्या मीटरपलीकडे जात नाही. शेजाऱ्याला मिळायचा प्रश्नच नाही." सांगलीत विश्रामबागच्या अपार्टमेंटपासून साताऱ्यातल्या जाड भिंतींच्या वाड्यांपर्यंत पॉवरलाइन ॲडॅप्टरबद्दल, म्हणजे राउटरचं इंटरनेट विजेच्या वायरीतून दुसऱ्या खोलीत नेणाऱ्या, सॉकेटमध्ये लावायच्या जोडीबद्दल, हे बिनधास्त सांगितलं जातं. ते खरं नाही.

होमप्लग एव्ही या मानकाचा ॲडॅप्टर साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झवर बोलतो. मीटर ५० हर्ट्झची वीज मोजतो; सिग्नल अडवणं त्याचं कामच नाही. सिग्नल क्षीण होतो हे खरं, पण जिन्याखालच्या मीटर बोर्डात सगळ्या फ्लॅटच्या वायरी खेटून गेलेल्या असतात, तिथे तो एकीवरून दुसरीवर उतरू शकतो. खरा पहारा १२८ बिटच्या एईएस चावीचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या गुप्त कोडचा. आता गंमत बघा: नव्या ॲडॅप्टरवर बऱ्याचदा कंपनीची ठरलेली, सगळ्यांना ठाऊक चावीच असते. म्हणून आधी ॲडॅप्टरवरचं पेअरचं (जोडी जुळवून नवी चावी बनवायचं) बटण दाबा: एकाचं, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं.

वरच्या भाडेकरूसाठी वेगळी जोडी घेतली, वेगळी चावी दिली, म्हणजे झालं? नाही. दोन्ही जोड्या राउटरच्या साध्या लॅन पोर्टांत खोचल्या की सगळे पुन्हा एकाच पंगतीत. त्यांचा टीव्ही तुमच्या प्रिंटरला दिसणार. वेगळेपणा राउटरवर किंवा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे एकमेकांना न दिसणारे भाग, करूनच येतो. वायर एकच असल्यामुळे वेग मात्र दोघांत वाटला जातो.

आणि ॲडॅप्टर स्पाइक गार्डच्या पट्टीत नको, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.