‘मेंदू आणि प्राण्यांची बुद्धी’ कार्डसंच: कार्डामागे कोरियन अर्थ का छापलेला नाही

(कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रांजणगाव, चाकण आणि तळेगाव येथील कोरियन कंपन्यांमुळे पुणे परिसरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या घरी जाऊन इंग्रजी शिकवणारे शिक्षक हे आमचे मुख्य ग्राहक आहेत. ‘मेंदू आणि प्राण्यांची बुद्धी’ हा संच विक्रीस आल्यापासून त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आहे: कार्डाच्या पुढे चित्र व इंग्रजी शब्द आणि मागे तीन वाक्ये आहेत, पण कोरियन अर्थ का दिलेला नाही? हा खर्च वाचवण्याचा प्रकार आहे काय, असेही एका ग्राहकांनी स्पष्टपणे विचारले. तसे मुळीच नाही. एक जास्तीचा शब्द छापल्याने छपाईचा खर्च वाढत नाही. तो शब्द आम्ही विचारपूर्वक गाळला आहे, आणि त्याचे कारण एकदा सविस्तर लिहून ठेवावे म्हणजे दूरध्वनीवर अर्धवट सांगावे लागणार नाही, यासाठी हे पत्रक.

अडचण अशी होते की संच घरी पोहोचताच, पहिल्याच तासाला, शिक्षक मुलाला किंवा त्याच्या आईला विचारून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बॉलपेनने एकेक कोरियन शब्द लिहून घेतात. त्या दिवशी काम झटपट उरकल्यासारखे वाटते. मूल इंग्रजी शब्द न वाचता कोपऱ्यातला शब्द वाचते, मान डोलावते आणि पुढचे कार्ड मागते. दोन-तीन महिन्यांनी तेच शिक्षक आम्हाला कळवतात की मुलाला शब्द पाठ आहेत, पण वाक्य केले की चुकते. आमच्या अनुभवानुसार त्या चुकीचे मूळ बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातच असते, आणि ती चूक सुटायला शब्द शिकायला लागला त्याहून अधिक वेळ लागतो.

उदाहरणासाठी ‘ब्रेन’ हेच कार्ड घ्यावे. त्यावर सर्वाधिक वेळा लिहिला जाणारा कोरियन शब्द म्हणजे ‘मॉरी’. (मराठी कानाला हा शब्द न्हाणीघराची आठवण करून देतो, त्याला इलाज नाही.) कोरियन भाषेत मॉरी म्हणजे डोके, मॉरी म्हणजे केस, आणि मॉरी म्हणजे बुद्धीसुद्धा. ‘मॉरी चांगली आहे’ म्हणजे माणूस हुशार आहे, ‘मॉरी वापर’ म्हणजे विचार कर, आणि ‘मॉरी कापली’ म्हणजे केस कापून आलो. इंग्रजीत या तीन गोष्टींसाठी हेड, हेअर आणि ब्रेन असे तीन वेगळे शब्द आहेत. शरीरशास्त्रातल्या मेंदूसाठी कोरियनमध्ये ‘न्वे’ हा स्वतंत्र शब्द आहे, पण तो पुस्तकी असल्यामुळे मुलांच्या तोंडी पटकन येत नाही, मॉरीच येते.

आमच्याकडे एका नमुना तासाला नुकतेच केस कापून आलेला नऊ वर्षांचा एक मुलगा ‘यस्टर्डे आय कट माय हेड’ असे अतिशय आनंदाने म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या शिक्षिकांनी त्याला ‘व्हेरी गुड’ म्हणून पुढचे कार्ड दाखवले. यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. आपणही डोके विंचरतो, डोक्यावरून न्हातो, एखाद्याचे डोके चालते असे म्हणतो आणि एखाद्याला डोकेच नाही असेही म्हणतो. म्हणजे मराठीतले ‘डोके’ आणि कोरियनमधली ‘मॉरी’ जवळजवळ सारख्याच जागा व्यापतात. त्यामुळे एखाद्या इंग्रज माणसाच्या कानाला जी चूक लगेच टोचेल, ती आपल्या कानाला अगदी स्वाभाविक वाटते. मराठी शिक्षकांनी कोरियन विद्यार्थ्यांबाबत अधिक सावध राहावे असे आम्ही म्हणतो ते याच कारणासाठी: आपल्या दोघांच्या भाषा एकाच ठिकाणी घसरतात, आणि दोघेही घसरले की सावरायला कोणी उरत नाही.

याच कार्डाच्या मागे एकवचनाचे आणि अनेकवचनाचे अशी दोन वाक्ये शेजारी-शेजारी मुद्दाम छापली आहेत, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘शी हॅज अ ब्रेन’ या वाक्यातून तिला मेंदू नावाचा अवयव आहे एवढेच कळते, जे कोणाच्याही बाबतीत खरे आहे. ‘शी हॅज ब्रेन्स’ म्हणजे ती हुशार आहे. कोरियनमध्ये अनेकवचनाचा प्रत्यय दर वेळी लावावा लागत नाही आणि ‘अ’ किंवा ‘द’ यांसारखी उपपदे तर मुळातच नाहीत, त्यामुळे एवढ्याशा अक्षराने अर्थ फिरतो हे मुलांना सांगून पटत नाही, दाखवावे लागते. काही ग्राहक आम्हाला आठवण करून देतात की इंग्रजीतही आकडेमोडीत तरबेज असलेल्या माणसाला ‘अ गुड हेड फॉर नंबर्स’ आहे असे म्हणतात. म्हणतात खरे, पण तेथे कशासाठी ते सांगावे लागते. नुसते ‘ही हॅज अ गुड हेड’ म्हटले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

‘माइंड’ या कार्डाबाबत फार लिहीत नाही. त्यावर मुले ‘माउम’ लिहितात, आणि माउम आपल्या ‘मन’ या शब्दासारखेच विचारांपेक्षा भावनांकडे अधिक झुकलेले असते, म्हणून कोरियन मूल माइंड दाखवताना कपाळाऐवजी छातीवर हात ठेवते. तो हात हळूच वर न्यावा, एवढेच.

आता प्रामाणिकपणे मान्य करण्यासारखा भाग. मेंदूच्या भागांची नावे शिकवताना कोरियन शब्दाची खरोखर मदत होते, आणि त्या पाच-सहा कार्डांवर तरी अर्थ छापा, हा काही ग्राहकांचा आग्रह अगदीच निराधार नाही. ‘सेरेब्रम’ आणि ‘सेरेबेलम’ ही नावे इंग्रजी मुलांनाही परकी वाटतात, कारण ती लॅटिन आहेत. कोरियनमध्ये मात्र ‘देन्वे’ म्हणजे सरळ मोठा मेंदू आणि ‘सोन्वे’ म्हणजे लहान मेंदू. लॅटिनमध्येही सेरेबेलमचा अर्थ लहान मेंदू असाच होतो, फक्त इंग्रजीत तो अर्थ झाकला गेला आहे. स्मृती तयार करण्यात ज्याचा मोठा वाटा आहे त्या ‘हिप्पोकॅम्पस’ला कोरियन भाषेत ‘हेमा’ म्हणतात, आणि हेमा म्हणजे समुद्रघोडा. 1587 मध्ये अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने त्या भागाला ग्रीकमधून जे नाव दिले त्याचाही अर्थ तोच. कोरियन मूल हे ऐकून खूश होते आणि शब्द विसरत नाही.

पण त्यानंतर काय होते तेही आम्ही पाहिले आहे. कार्डावर हेमा लिहिलेल्या एका मुलीने निबंधात ‘मेंदूतला सीहॉर्स आठवणी जपतो’ असे वाक्य केले, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही इंग्रजी शब्द एकाच कोरियन शब्दाचे होते. ‘अमिग्डाला’चे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बदाम, आणि कोरियन नाव ‘प्यॉन्दोचे’ हेही बदामावरूनच आलेले आहे. पण घशातल्या टॉन्सिलला कोरियनमध्ये ‘प्यॉन्दोसॉन’ म्हणतात, त्यामुळे भीतीशी संबंधित असलेला मेंदूचा भाग मुलाच्या डोळ्यांसमोर थेट घशात जाऊन बसतो. म्हणून या कार्डांवरही आम्ही अर्थ न छापता फक्त जागा दाखवणारी आकृती छापली आहे. समुद्रघोड्याची आणि बदामाची गोष्ट शिक्षकांनी तोंडी अवश्य सांगावी.

कोरियन भाषेत गेलेले इंग्रजी शब्द हा याहून मोठा सापळा आहे, कारण तेथे मुलाला शब्द आधीच येतो असे वाटते. प्राण्यांच्या बुद्धीच्या गटात ‘कनिंग’ हे कार्ड कोल्ह्याच्या चित्रासह दिले आहे. कोरियनमध्ये ‘खॉनिंग’ म्हणजे परीक्षेत कॉपी करणे. कोपऱ्यात खॉनिंग लिहिले की कोल्हा दुसऱ्याच्या पेपरात डोकावणारा विद्यार्थी होतो, आणि ‘कनिंग’ हे वर्णन आहे, कृती नाही, हा मुद्दा कायमचा हरवतो. ‘मेंटल’चेही असेच. कोरियनमध्ये ‘मेन्थाल’ हे नाम म्हणून चालते, म्हणून ‘माय मेंटल इज स्ट्राँग’ असे वाक्य मोठ्या माणसांकडूनही ऐकू येते. या दोन कार्डांसाठी आमचा सल्ला एवढाच, की मुलाला कोरियन अर्थ विचारूच नये.

कावळ्याच्या कार्डाविषयी मात्र थोडे सविस्तर, कारण संचातील ते आमचे सर्वांत आवडते कार्ड आहे. विसराळू माणसाला कोरियन लोक ‘कावळ्याचे मांस खाल्लेस काय?’ असे विचारतात. कावळ्याचे कोरियन नाव ‘कामाग्वी’ आणि विसरून जाण्याचे क्रियापद ‘कामॉक्ता’ यांच्या ध्वनिसाम्यातून ही म्हण आली असे सांगतात. इंग्रजीत ‘ईट क्रो’ म्हणजे आपली चूक सर्वांसमोर नाइलाजाने कबूल करणे. म्हणजे कावळा खाण्याचे दोन्हीकडे दोन अर्थ, आणि प्रत्यक्ष पक्षी दोन्ही अर्थांपासून दूर: न्यू कॅलेडोनियातील कावळे काटक्यांपासून हत्यारे बनवतात आणि त्यांनी अळ्या काढून खातात. कार्डामागील तिसऱ्या वाक्यात ‘टूल’ हा शब्द त्यासाठीच आहे. ‘बर्डब्रेन’ हा शब्द शिकवताना मुले हसतात, कारण कोरियनमध्येही मूर्खाला ‘सेदेगारी’, म्हणजे पक्ष्याच्या डोक्याचा, असे हिणवतात. त्यांना लगेच मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याचे कार्ड दाखवावे. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात या पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत चढलेल्या संशोधकाला ते पुढेही नेमके ओळखून त्याच्या मागे लागत, आणि त्याच्यासारखेच कपडे घालून शेजारी उभ्या असलेल्या, पण घरट्याला हात न लावलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करत, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. ‘रेकग्नाइझ’ म्हणजे काय ते याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही. कोरियन मुलांना हा पक्षी ‘काची’ या नावाने लहानपणापासून माहीत असतो आणि सकाळी तो ओरडला की पाहुणे येतात असे त्यांच्या आजीने सांगितलेले असते. आपल्याकडे हे काम कावळा करतो, हेही त्यांना सांगून पाहावे.

अर्थाशिवाय कार्ड कसे शिकवायचे, असे जे विचारतात त्यांनी हत्तीच्या कार्डापासून सुरुवात करावी. योंगिन येथील एव्हरलँड प्राणिसंग्रहालयातला कोशिक नावाचा आशियाई हत्ती सोंडेचे टोक तोंडात घालून पाच कोरियन शब्द काढतो: आन्न्यॉंग, आन्जा, आनिया, नुवॉ आणि चोआ, म्हणजे नमस्कार, बस, नाही, आडवा हो आणि छान. त्याच्यावरील अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द कोरियन माणसांना ओळखू येतात इतके स्पष्ट आहेत, पण तो ते अर्थ समजून वापरतो असे आढळले नाही. लहानपणी सुमारे पाच वर्षे आजूबाजूला दुसरा हत्ती नसल्यामुळे माणसांशी नाते जोडण्यासाठी त्याने ही नक्कल सुरू केली असावी, असे संशोधकांचे मत आहे. ही हकीकत सांगून झाल्यावर मुलाला इंग्रजीत तीन प्रश्न विचारावेत: कोशिक ‘इमिटेट’ करतो का, त्याला ‘अंडरस्टँड’ होते का, आणि ‘आन्जा’ म्हणताना समोरच्याने खाली बसावे असे तो ‘मीन’ करतो का. पहिल्याचे उत्तर होय आणि उरलेल्या दोघांचे नाही असे मूल स्वतःहून देते, आणि कोरियन अर्थ कोठेही न लिहिता तिन्ही क्रियापदांतली सीमा त्याला कळते. त्यानंतर ‘पॅरट’ हे कार्ड क्रियापद म्हणून घ्यावे. पोपटपंची हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्या शिक्षकांना ते अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. सॉदांग या जुन्या पाठशाळेतला कुत्राही तीन वर्षांत कविता म्हणू लागतो, अशी कोरियन म्हण आहे. ती मुलाकडूनच इंग्रजीत म्हणवून घेतली की मजा येते.

कार्डामागची चौथी, रिकामी ओळ मुलाने स्वतः केलेल्या वाक्यासाठी आहे. ती पेन्सिलीने लिहावी. कार्डांना चकचकीत लेप न देण्याचे कारणही तेच, पेन्सिल उमटावी आणि खोडरबराने जावी. बॉलपेनची शाई घासून काढायला गेले की कागदाचा वरचा थर निघतो; परत आलेल्या एका संचात कावळ्याच्या चोचीच्या जागी पांढरा डाग तेवढा उरला होता. पालक कोरियन अर्थाचा आग्रहच धरत असतील, तर तिसऱ्या तासानंतर वहीत लिहून द्यावा, आणि एक शब्द न लिहिता पूर्ण वाक्याचा अर्थ लिहावा.

छपाईतील दोष किंवा कमी निघालेले कार्ड आम्ही विनामूल्य बदलून देतो. शाईने खराब झालेली कार्डे मात्र सुटी विकत घ्यावी लागतील; ‘ब्रेन’, ‘माइंड’, ‘कनिंग’ आणि ‘हिप्पोकॅम्पस’ ही चार सर्वाधिक मागितली जात असल्याने त्यांचे जोड आम्ही नेहमी तयार ठेवतो. ज्या शिक्षकांकडे तीनहून अधिक विद्यार्थी आहेत त्यांना प्रत्येकासाठी वेगळा संच न घेता एक संच आणि हव्या तितक्या वाक्यवह्या घेणे स्वस्त पडते, आणि आम्ही त्यांना तेच सुचवतो. ऑक्टोपसचे कार्ड पुढील छपाईत बदलणार आहे: कोरियनमध्ये मुनॉ, नाक्ची आणि चुक्कुमी अशी तीन वेगळी नावे असलेल्या प्राण्यांना इंग्रजी एकाच ‘ऑक्टोपस’मध्ये बसवते, आणि आमच्या चित्रातला प्राणी त्यांपैकी नेमका कोणता यावरून दोन घरांत वाद झाला. जुने कार्ड परत आणल्यास नवे बदलून मिळेल, मग त्यावर बॉलपेनने काहीही लिहिलेले असो.