‘ली’ आडनावाचे सगळे एकाच कुळातले? एक खुलासा
‘ली’ आडनावाचे सर्व चिनी लोक एकाच प्राचीन पुरुषाचे वंशज आहेत, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत असतो. अनेक वंशावळीही तसेच सांगतात, त्यामुळे तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र इ. स. ४९६ मध्ये उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या उत्तर वेई घराण्याच्या दरबाराने शिआनबेई या मूळच्या भटक्या, बिगर-चिनी लोकांच्या कुळांना चिनी आडनावे घ्यायला लावली, तेव्हा त्यांतील काही ‘ली’ झाली. पुढे ६१८ ते ९०७ या काळातील तांग घराण्याच्या सम्राटांनी, जे स्वतः ली होते, पराक्रमी सेनानींना, अगदी शातुओ या तुर्क टोळीच्या सरदारांनाही, हे आडनाव बक्षीस म्हणून बहाल केले. पडताळणी करायची तर हाती आलेली वंशावळ कोणत्या शतकात लिहिली गेली, ते आधी पाहावे. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक वंशावळी मिंग आणि चिंग या राजघराण्यांच्या काळातल्या, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या आहेत, आणि त्यांतील अतिप्राचीन पिढ्यांना समकालीन नोंदींचा दुजोरा क्वचितच मिळतो.